नीलिमा पाटलांचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर

भाईंदर पश्चिमेच्या एका कॉलेजात रविवारी बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचे वर्ग भरतात. तिथे मी मानसशास्त्राच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवते. मुलं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, पण त्यांतली निम्मी माझ्याहून मोठी असतात. माणसाचं मन कसं चालतं ते शिकायचं म्हणून ही मंडळी येतात आणि पहिल्याच महिन्यात फळ्यावर सरासरी आणि प्रमाण विचलन बघून त्यांचे चेहरे पडतात. "मॅडम, आपल्याला हे कशाला?" हा प्रश्न दर वर्षी येतो. त्याची तयारी मी सुट्टीतच करून ठेवते.

नीलिमाताईंनी तो प्रश्न विचारला नाही. वर्ग सुटल्यावर त्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मी एटीकेटीवाली आहे. मागच्या वर्षी या पेपरात उडाले. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्याकडून जास्त अपेक्षा ठेवणार नाही."

त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. नवघरच्या एका शाळेत ज्युनियर केजीच्या बाई. माहेर लालबागचं. चाळ पाडायला काढली तेव्हा आईवडील भाईंदरला आले आणि इथेच धर्मेश पाटलांशी त्यांचं लग्न ठरलं. पाटलांचं घर नवघर गावातलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. सासरे रामनाथ पाटील मिठागरावर होते. सासू सावित्रीबाईही लग्नानंतर बरीच वर्षं मिठाच्या पाट्या वाहत होत्या. आता मिठागरं नाहीत. धर्मेश काशीमीऱ्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती.

मानसशास्त्राचं खूळ डोक्यात कसं शिरलं, ते त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, चार वर्षांचा. सहा महिने तो शाळेत एक शब्द बोलला नाही. घरी बोलतो, शाळेत नाही. सगळ्या बाई त्याला रागावून, लाडावून, चॉकलेट देऊन थकल्या. मग एक समुपदेशक बाई आल्या. त्या त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्याला एकही प्रश्न न विचारता स्वतःच चित्र काढत राहिल्या. चौथ्या-पाचव्या भेटीत तो म्हणाला, "हत्तीला शेपूट राहिली."

"मी दारातून बघत होते," नीलिमाताई म्हणाल्या. "मला रडूच आलं हो. म्हटलं, हे शिकायचं. आता या हत्तीच्या शेपटीसाठी मला प्रमाण विचलन काढावं लागतंय!"

गणिताची त्यांना भीती होती, पण डोकं चांगलं होतं. सरासरी शिकवली त्या दिवशी त्यांनी हात वर केला. "मॅडम, माझ्या वर्गात सरासरी वजनाचं मूल एकही नाही. काढून बघितलं मी. मग ही सरासरी नक्की कुणाची?" मी म्हटलं, कुणाचीच नाही, तो सगळ्यांचा मिळून एक आकडा आहे. तो कळला की पुढचा प्रश्न विचारायचा: प्रत्येक जण त्याच्यापासून किती लांब आहे? त्यालाच प्रमाण विचलन म्हणतात. मग दोन बसचं उदाहरण दिलं. दोन्ही बस सरासरी दहा मिनिटांनी येतात. एक नऊ-दहा-अकरा अशी नेमाने येते, दुसरी कधी दोन मिनिटांत, कधी वीस मिनिटांनी. सरासरी तीच, पण स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाचे हाल वेगळे. त्या हसल्या. "दुसरी आमच्या नवघरची," म्हणाल्या. त्या दिवसापासून प्रमाण विचलन हा शब्द त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

दिवाळीनंतर मी सगळ्यांना एक सराव दिला. दहा-बारा ओळखीची माणसं निवडा. प्रत्येकाला एकेकटं बसवून पंधरा साधे शब्द वाचून दाखवा. मग थोडा वेळ दुसऱ्या गप्पा मारा आणि किती शब्द आठवतात ते विचारा. त्या आकड्यांवरून सरासरी, मध्यांक, बहुलक, प्रमाण विचलन काढून आणा. आधी परवानगी घ्यायची, आणि कुणाचे गुण दुसऱ्याला सांगायचे नाहीत.

नीलिमाताईंनी गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर दुपारी बसणाऱ्या बायका निवडल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांत शेजारच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेन होत्या आणि सावित्रीबाईही होत्या. एकेकीला ओट्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात घेऊन त्यांनी शब्द वाचले. हंसाबेन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देखो, इस उमर में परीक्षा! पास हुई तो पेढा कौन देगा?" आणि नऊ शब्द सांगून ऐटीत परत आल्या.

बाकीच्यांना सहा, सात, आठ असे आठवले. सावित्रीबाईंना दोन.

शिवाय त्यांनी चार शब्द असे सांगितले जे यादीत नव्हतेच. नीलिमाताईंनी ते लिहून घेतले, कारण मी सांगितलं होतं, चुका पण लिहा. पण लिहिताना त्यांना प्रश्न पडला. वाचलेलंच नाही ते आठवतंय, म्हणजे काय? पुढच्याच सेमिस्टरला स्मृतिभ्रंशाचा धडा होता आणि त्यांनी तो आधीच वाचून ठेवला होता.

आणि मग घरातल्या गोष्टी एकामागून एक जुळायला लागल्या. सासरे गेल्यापासून सावित्रीबाई गप्प झाल्या होत्या. भजनाला जायचं त्यांनी सोडलं होतं. मुंबईच्या बहिणीचा फोन आला की "तूच बोल, मना फोनवर बोलायला आवडत न्हाय" म्हणून फोन नीलिमाताईंकडे द्यायच्या. काही विचारलं तर कधी भलतंच उत्तर यायचं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की दुःख आहे, वय आहे, स्वभाव थोडा तिरसट झालाय. आता नीलिमाताईंना वाटायला लागलं, हे दुसरंच काहीतरी आहे.

दोन दिवस त्यांनी मनात ठेवलं. मग धर्मेशना सांगितलं. ते जेवत होते.

"तू माझ्या आयेची परीक्षा घेतलीस?"

"सगळ्यांचीच घेतली. अभ्यासाचा भाग होता तो."

"आणि ती नापास, असं मला जेवताना सांगतेस." ते उठले, हात धुतले. दारात थांबून म्हणाले, "आयेला काय झालेलं नाही. तुझी पुस्तकं जरा बाजूला ठेव."

पण त्या दिवसापासून तेही आईकडे बघायला लागले. हाक मारायचे, उत्तर आलं नाही की नीलिमाताईंकडे बघायचे. दोघं एकमेकांशी त्यावर बोलत मात्र नव्हते.

पुढच्या रविवारी नीलिमाताई माझ्यासमोर बसल्या, आकड्यांचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मॅडम, यातला एक आकडा काढून टाकला तर चालेल का?"

मी बघितलं. अकरा जणींचे आकडे सहा ते नऊच्या मध्ये, आणि एक दोन. सरावासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं, म्हणून मी उत्साहाने शिकवायलाच लागले. "आधी दोन्ही तऱ्हेने काढून बघा. तो आकडा धरून सरासरी सात. तो काढला की साडेसातच्या जवळ. मध्यांक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र दोन्ही वेळा सातच. आणि प्रमाण विचलन बघा, त्या एका आकड्याने जवळजवळ दुप्पट झालंय. बारा माणसांत एक माणूस लांब असला तर..."

मी थांबले, कारण त्या कागदाकडे बघत नव्हत्या. डोळे भरले होते.

"तो आकडा कुणाचा आहे ते सांगू नका, असं तुम्ही म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या सासूबाईंचा आहे."

मग सगळं सांगितलं. धर्मेशचं ताटावरून उठणंसुद्धा.

मी मानसशास्त्राची पदवीधर असले तरी डॉक्टर नाही, हे मी त्यांना आधी स्पष्ट सांगितलं. एका यादीवरून कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते ठरवता येत नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण स्टॅटिस्टिक्सची बाई म्हणून मला एक गोष्ट सांगता येत होती. "एखादा आकडा सगळ्यांपासून एवढा लांब पडला, तर दोन शक्यता असतात. एक, ते माणूस खरंच वेगळं आहे. दोन, आपलं मोजणं त्या माणसाच्या बाबतीत चुकलंय. आपल्याला आठवण मोजायची होती. त्यांच्या बाबतीत आठवणच मोजली गेली का? ते तपासल्याशिवाय आकडा काढायचाही नाही आणि त्याच्यावर विश्वासही ठेवायचा नाही." आणि मग विचारलं, "चुकीचे शब्द लिहिलेत ना? कोणते सांगितले त्यांनी?"

त्यांनी कागद उलटा केला. तूप. पाणी. ताट. फिरकी.

"आणि यादीत काय होतं?"

नीलिमाताईंनी यादी काढली. बोट ठेवून खाली जायला लागल्या. सूप. फणी. पाट. खिडकी.

त्यांनी ते शब्द एकदा मनात वाचले आणि मग मोठ्याने, जोडीजोडीने. सूप, तूप. फणी, पाणी. पाट, ताट. दुसऱ्या जोडीलाच त्यांचा आवाज बदलला.

"अहो मॅडम," त्या म्हणाल्या, "आई विसरल्या नाहीत. त्यांना ऐकूच आलं नाही."

"तसं असू शकेल," मी म्हटलं. मला घाईने काही बोलायचं नव्हतं. "तुम्ही वाचताना कुठे बघत होता?"

"कागदात. आणि मागे रिक्षा चालल्या होत्या."

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की कानांची गरज पडणार नाही अशी चाचणी घ्यायची. आणि ती बाराही जणींची घ्यायची. फक्त सावित्रीबाईंची घेतली तर तुलना कशाशी करणार, हा एक भाग. दुसरा भाग नीलिमाताईंनीच बोलून दाखवला: एकट्या आईंना पुन्हा बोलावलं तर त्यांना ते लागेल.

त्या आठवड्यात त्यांनी घरातल्या पंधरा वस्तू परातीत मांडल्या. लाटणं, कुलूप, बांगडी, वाटी, दोऱ्याची रीळ, कोयती, असं काहीबाही. वर ओढणी टाकली. ओट्यावर एकेकीला बोलवायचं, ओढणी बाजूला करून मिनिटभर बघू द्यायचं, पुन्हा झाकायचं, मग गप्पा, मग विचारायचं. बायकांना हा खेळ पहिल्यापेक्षा आवडला. वस्तू डोळ्यांनी बघितल्या की सगळ्यांनाच जास्त आठवतात, तसे आकडे वाढलेही. बऱ्याच जणी नऊ-दहापर्यंत गेल्या. हंसाबेनना अकरा.

सावित्रीबाईंनी शांतपणे तेरा वस्तू सांगितल्या, त्याही मांडल्या होत्या त्या क्रमाने. मग म्हणाल्या, "कोयतीची मूठ हालते हाय. धर्मेशला ठोकून आनाला सांग, कोनाला तरी लागंल."

नीलिमाताईंनी मला दुसऱ्या दिवशी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या एकाच वेळी हसत आणि रडत होत्या. ओट्यावर मात्र त्यांनी स्वतःला सावरलं. परात काखेला मारून सासूला घेऊन घरी आल्या. चहा टाकला. सावित्रीबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. नीलिमाताई मागे उभ्या राहून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आई, चहात आलं टाकू?" शेंगा सोलणं चालूच राहिलं. पुन्हा विचारलं. मग त्या पुढे जाऊन समोर जमिनीवर बसल्या आणि तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला.

"टाक की," सावित्रीबाई म्हणाल्या.

"आई, तुम्हाला ऐकू कमी येतं का?"

सावित्रीबाईंनी शेंग खाली ठेवली. पहिल्यांदा त्या रागावल्या. "कोन बोलतं? मना सगलं आयकू येतं." नीलिमाताई शेजारी सरकून शेंगा सोलायला लागल्या. चहा उकळून पार आटला.

मग सावित्रीबाई म्हणाल्या, "तुजा सासरा आजारी होता तवापासून. आधी वाटला, जागरनानं झाला. मंग वाटला, जाईल. गेला न्हाय."

"मग सांगायचं ना आई."

"काय सांगू? आमच्या गावात एक बहिरी म्हातारी होती. पोरां तिच्यामागं जाऊन वरडायची. मोठी मानसां पन हसायची. मी पन हसलेली हाय." त्यांनी पदराने हात पुसले. "तू बोलतेस ते मना कलतं. तुजा तोंड बघून कलतं. शालेतली बाई ना तू, निवांत बोलतेस. धर्मेशचा न्हाय कलत. तो मिशीत बोलतो."

संध्याकाळी धर्मेश घरी आले तेव्हा नीलिमाताईंनी त्यांना सगळं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. ते चप्पल घालून बाहेर गेले. नीलिमाताईंना वाटलं, पुन्हा रागावले. अर्ध्या तासाने परत आले ते मिशी काढून. वीस वर्षांची मिशी होती. वरचा ओठ गोरा आणि उघडा दिसत होता. ते सरळ आईसमोर जाऊन बसले आणि सावकाश म्हणाले, "आये, मी सकाळपासून उपाशी हाय. काय बनवलंस?"

सावित्रीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "तुजा बापूस दिसतोस रं," म्हणाल्या. "लग्नातला."

डॉक्टरांकडे जायला मात्र त्या तयार नव्हत्या. आठ-दहा दिवस घालवले. शेवटी नीलिमाताई म्हणाल्या, "आई, माझा सराव अर्धा राहिलाय. मोजणं बरोबर झालं की नाही ते कान तपासल्याशिवाय मला लिहिता येणार नाही." हे काही पूर्ण खरं नव्हतं, पण सुनेची परीक्षा म्हटल्यावर सावित्रीबाई लुगडं बदलून तयार झाल्या. तपासणीत दोन्ही कानांत दोष निघाला. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज फारच कमी. म्हणून स आणि त, फ आणि प यांची सरमिसळ व्हायची. डॉक्टरांनी आठवणीचीही साधी तपासणी केली आणि वयाच्या मानाने उत्तम आहे असं सांगितलं. धर्मेश ते वाक्य डॉक्टरांकडून पुन्हा एकदा म्हणवून घेऊन मगच उठले.

कानाला यंत्र लागलं म्हणून सगळं एकदम गोड झालं असं नाही. पहिल्या आठवड्यात सावित्रीबाईंनी ते तीनदा काढून डब्यात ठेवलं. कुकरची शिट्टी डोक्यात जाते, रस्त्यावरचे हॉर्न सहन होत नाहीत, स्वतःचंच चावणं ऐकू येतं. "याच्यापरीस बहिरी बरी," असंही म्हणाल्या. नीलिमाताई रोज शाळेतून आल्यावर त्यांच्याबरोबर अर्धा तास बसायच्या. घरात दुसरं कुणी नसताना, पंखा बंद करून, एक एक आवाज. नळाचा. झाडूचा. वाल भांड्यात पडल्याचा. आधी जवळचे, मग खिडकीबाहेरचे. केजीच्या मुलांना अक्षरं शिकवतात तसंच, त्या मला म्हणाल्या, फक्त इथे विद्यार्थिनी मला शिव्या घालते.

एप्रिलमध्ये नीलिमाताईंनी पेपर दिला आणि सुटल्या. गुण फार नव्हते, पन्नाशीच्या जरा वर. टी-टेस्टच्या प्रश्नात सूत्र बरोबर लिहून वजाबाकी चुकवली होती. सरावाचा अहवाल मात्र वर्गातला सर्वांत चांगला होता. बाराही जणींचे दोन्ही वेळचे आकडे, नावं न देता. त्या दोनाच्या आकड्याबद्दल त्यांनी एवढंच लिहिलं होतं की, पहिल्या चाचणीत ऐकण्याची क्षमता आणि रस्त्यावरचा आवाज यांचा विचार केला गेला नाही, त्यामुळे या व्यक्तीच्या बाबतीत चाचणी सप्रमाण (जे मोजायचे तेच मोजणारी) मानता येत नाही. संशोधकाने शब्द वाचताना समोर बघितले नाही. मी खाली सही केली. अहवालाबाहेरची ही बाकीची हकीगत मी सावित्रीबाईंना विचारूनच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिव. पन माजा वय लिवू नको."

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला नीलिमाताईंनी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना कमी ऐकू येणं आणि त्यांचा एकटेपणा हा विषय घेतला. दोन गोष्टी बरोबर वाढतात का एवढंच बघायचं. एकीमुळे दुसरी होते असं म्हणायचं नाही, हे त्यांनी मला विषय सांगताना स्वतःच बजावलं. अडचण वेगळीच होती. ऐकू येत नाही असं कबूल करायला कुणी तयार होईना. दारं उघडायची, चहा मिळायचा आणि "आम्हाला कुठं काय झालंय" म्हणून बायका हसून टाळायच्या.

मग सावित्रीबाई बरोबर जायला लागल्या. एका रविवारी मीही गेले. एका दारात एक आजी उभ्या होत्या, सावित्रीबाईंच्याच वयाच्या, आणि नीलिमाताईंच्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होत्या. सावित्रीबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पुढे झाल्या, त्या आजींच्या अगदी समोर उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर मागे सारून त्यांनी कान दाखवला.

"हे बघ," त्या सावकाश म्हणाल्या. "मना पन नव्हता येत. तीन वरसां मी पन अशीच मुंडी हालवली."

आजींनी त्या यंत्राकडे बघितलं, मग सावित्रीबाईंच्या तोंडाकडे. घरात मागे कुणी आहे का ते वळून बघितलं.

"दुकतं का गो?" त्यांनी हळूच विचारलं.

"दुकत न्हाय," सावित्रीबाई म्हणाल्या, "खाजतं जरा," आणि चपला काढून आत गेल्या.